मालिकेतल्या आईचा कौल

आठवीत शाळा सोडली तेव्हा गुरुजींनी कपाटातली एक जुनी कादंबरी हातात ठेवली. "दप्तर सुटलं तरी वाचायचं सोडू नको," म्हणाले. त्यांचे उपकार विसरलो नाही. ते एकच पुस्तक मी चारदा वाचलं.

यंदा त्याच कादंबरीवर मालिका आली. कारखान्यातून सुटलो की इथं भरूचला मी खोलीवर मोबाईलवर बघायचो, तिकडं गावी, पासलीला, आई टीव्हीवर. मग फोन. मी कुरकुरायचो : पुस्तकात बैलगाडी, इथं मोटार, पुस्तकात नसलेली भांडकुदळ सून.

"तुला काय करायचंय? रडू येतंय ना, झालं," आई म्हणायची.

मग आईलाच पिशवीचं आप्रेशन सांगितलं. डॉक्टर म्हणाले, थांबू नका. आमच्याकडं अशा वेळी देवाला कौल लावतात. मूर्तीला फूल चिकटवायचं, उजवं पडलं तर होकार. आईनं दोनदा लावला. फूल हललंच नाही. आई अडून बसली.

"मालिकेतल्या आईला बी दवाखान्यात नेणारेत. ती माघारी आली तर मी जाते. तू वाचलंयस की. येती का?"

पुस्तकात तिला डोलीतून डोंगर उतरवतात. माघारी येते ती रिकामी डोली.

"येती," मी म्हणालो.

आई त्याच आठवड्यात धाकट्या भावाबरोबर पुण्याला गेली. दवाखान्यात कुठला आलाय टीव्ही, या भरवशावर मी होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन. आवाज खुशीत. "आरं, हितं भिंतीला टीव्ही हाय! बायांनी आपलीच मालिका लावलीया. आज तिला नेत्यात. बघून झोपते, सकाळी माझा नंबर."

भावाकडं फोन द्यायला लावला. त्याला म्हणालो, बंद कर तो टीव्ही.

"आख्खा वॉर्ड बघतोय, दादा. मला मार खायचा न्हाई."

आईनं फोन परत घेतला. "तू म्हणला तसंच हाय ना रं?"

"व्हय, आई."

मोबाईलवर शीर्षकगीत सुरू झालं. गोष्ट बदलली म्हणून इतके दिवस ज्यांना शिव्या घातल्या, त्यांनीच आज ती बदलावी म्हणून मी हात जोडून बसलो. कालच्या जाहिरातीत रुग्णवाहिका दाखवली होती, तेवढाच आधार.

पहिल्याच दृश्यात घाटात दरड कोसळली. रुग्णवाहिका खालीच अडकली. चौघांनी डोली खांद्यावर घेतली, अगदी पुस्तकातल्यासारखी.