वीतभर बाहेर

अकरा वर्षं पोटापाण्यासाठी टेनिस खेळलेल्या या गृहस्थांना क्लबात सगळे दानशूर म्हणतात. जगाच्या यादीत त्यांचा सगळ्यात वरचा नंबर दोनशे अठ्ठ्याऐंशी, तोही जेमतेम तीन आठवडे. त्या नंबरासाठी ते कुणाच्या लक्षात राहिले नाहीत. पण ज्या किरकोळ स्पर्धांत रेषेवर पंच उभे करणं परवडत नाही, तिथे आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर हे ज्याचं त्यानं सांगायचं असतं, आणि शंका असेल तर पॉइंट समोरच्याला द्यायचा असतो. बाकीच्या खेळाडूंना पोटाची काळजी असल्यामुळे शंका सहसा येत नसे. दानशूरांना ती दर दुसऱ्या गेमला येई.

खरी गोष्ट एवढीच होती की त्यांना डाव्या डोळ्यानं धड दिसत नव्हतं. फटका मारायला उजवा डोळा, समोरच्याचा खांदा आणि रॅकेटचा आवाज पुरत असे. पण डाव्या कोपऱ्यात पडलेला चेंडू म्हणजे नुसता पिवळा धुरळा. संघटनेच्या डॉक्टरांकडे तपासणी असली की ते उजव्या डोळ्यानं तक्ता पाठ करून घेत आणि डाव्याची पाळी आली की घडाघडा म्हणून दाखवत. कळलं असतं तर घरी बसवलं असतं. तेव्हा ते शंकेचा पॉइंट द्यायचे, मान जराशी खाली घालायचे, आणि लोक टाळ्या वाजवायचे. टाळ्या काही कुणाला नकोशा नसतात.

सगळ्यात मोठं दान त्यांच्या हातून सत्ताविसाव्या वर्षी झालं. मोठ्या स्पर्धेत शिरण्याची ती शेवटची पात्रता फेरी होती, रेषेवर पंच तिथेही नव्हते, आणि समोर होता डावरा, डाव्या हातानं खेळणारा त्यांचा दोस्त. स्वस्तातल्या खोल्या दोघं मिळून घेत, एकाच बादलीत मोजे धूत. मॅच पॉइंट दानशूरांचा होता. डावऱ्याचा फटका डाव्या कोपऱ्यात पडला, दानशूरांनी नेहमीप्रमाणे "आत" म्हटलं आणि पुढच्या अर्ध्या तासात मॅच घालवली. डावरा मोठ्या स्पर्धेत गेला आणि तिथून मोटारींच्या जाहिरातीत. दानशूरांचा पेपरात फोटो आला, खाली 'मोठ्या मनाचा खेळाडू'. ते वाचून एका मुलीनं त्यांच्याशी लग्न केलं. "म्हटलं, परक्याला इतकं देतोय तर घरच्यांनाही काही देईल," असं ती अजून ऐकवते.

तो चेंडू नक्की कुठे पडला होता हे दानशूरांना कधीच कळलं नाही. आतच असणार, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि तिच्या आधारावर चौतीस वर्षं काढली. सकाळी सहा ते नऊ क्लबातली मुलं, नऊ ते अकरा वजन उतरवायला आलेली मंडळी, मग शेडमध्ये बसून लोकांच्या रॅकेटना तारा ओढायच्या. लोक इतकी वर्षं म्हणताहेत त्या अर्थी आपण मोठ्या मनाचे असूही, असं हळूहळू त्यांनाही वाटायला लागलं होतं. दुसरं मिरवण्यासारखं होतं तरी काय त्यांच्यापाशी?

यंदा क्लबानं सचोटीसाठी एक चषक ठेवला आणि त्याला दानशूरांचं नाव द्यायचं ठरवलं. कल्पना डावऱ्याची. आधी दोघांनी एक सेट खेळायचा, मग नावाच्या फलकावरचं कापड ओढायचं, असा बेत होता.

नेमका महिनाभर आधी दानशूरांच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला.

"हा डोळा तरुणपणापासून असाच होता की. तुम्ही खेळलात कसे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"सवयीनं," दानशूर म्हणाले. घरी आल्यावर त्यांना कपाटावरची धूळ दिसली आणि तसं त्यांनी बायकोला सांगितलं.

"आता दिसतेय ना, मग पुसा," ती म्हणाली.

समारंभाच्या दिवशी सेक्रेटरी माइक घेऊन फलकाशेजारी उभे राहिले. डावरा पाच-चार असा पुढे, सर्व्हिस त्याची, चाळीस-तीस, म्हणजे मॅच पॉइंटही त्याचाच. त्याचा फटका डाव्या कोपऱ्यात आला आणि दानशूरांना चेंडू दिसला. त्याच्यावरची लव दिसली, रेषेचा पांढरा रंग दिसला, आणि दोहोंच्या मध्ये वीतभर मोकळी जमीन दिसली. इतकं लख्ख की त्या आनंदात त्यांना कशाचं भानच राहिलं नाही.

"बाहेर," ते ओरडले.

खुर्च्यांवर कुजबुज सुरू झाली. "वय झालं की माणूस चिकट होतो," मागून कुणीतरी म्हणालं. सेक्रेटरींनी माइक खाली घेतला. डावरा जाळीपाशी आला.

"नक्की?" त्यानं विचारलं.

'शंका आहे' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. नाव राहिलं असतं, वर टाळ्याही पडल्या असत्या. पण नेमकी आजच शंका नव्हती.

"नक्की. मला दिसला."

"आणि तेव्हाचा?"

"तो कुठला दिसायला? या डोळ्यानं मला कधीच नीट दिसलं नाही. म्हणून देत होतो."

डावऱ्यानं जाळीची पट्टी घट्ट धरली. "मला वाटायचं तू बघितलास आणि तरी दिलास. चौतीस वर्षं तुझ्यापुढे मान वर करून बोलता आलं नाही मला. हा चषकही त्यापायीच काढला."

"म्हणजे?"

"मी बघितला होता ना. बाहेर होता तो. असाच, वीतभर."

म्हणजे ती मॅच दानशूरांनी जिंकली होती. मोठ्या स्पर्धेचं दार त्यांच्यासाठी उघडलं होतं, आणि समोरच्यानं सगळं बघून तोंड मिटून घेतलं होतं. त्यांना वाईट वाटायला हवं होतं. पण आला तो राग, सणसणीत, आणि तो इतका बरा वाटला की त्यांचे पाय आपोआप मागच्या रेषेकडे वळले.

सेक्रेटरी घाईघाईनं जवळ आले. "मग कापडाचं काय करू? ओढू की राहू दे?"

"सेट संपू दे आधी," दानशूर म्हणाले, आणि गुडघ्यात वाकून त्यांनी डावऱ्याकडे बघितलं. "बरोबरी झालीय. कर सर्व्हिस. आता एकही देणार नाही."