साडूंची बिनआवाजाची मोटार

जगातली सर्वांत लहान मोटार बनवणारा माणूस आमच्या नात्यात आहे, आणि तिच्यात बसून कुणालाच लग्नाला जाता येत नसल्यामुळे घरात त्याला काडीचा मान नाही. हे माझे साडू. धुळ्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात आणि उरलेल्या वेळात मॅग्नेशियमच्या कणांना अर्ध्या अंगावर मुलामा चढवतात. असा कण आंबट पाण्यात टाकला की उघड्या बाजूने बुडबुडे सुटतात आणि तो उलट दिशेला पळत सुटतो. वायर नाही, सेल नाही. भोवतालचा आंबटपणा हेच पेट्रोल. दोनेक मिनिटांत मॅग्नेशियम संपतं, मोटारही संपते. ती पळताना दाखवायची म्हणून साडू आमच्याकडे जळगावला जेवायला आले की ताटाआधी सूक्ष्मदर्शक मांडला जातो. एकदा माझ्या बायकोची कढी चाखून म्हणाले, "चवीचं राहू द्या, वेग छान येईल." तेव्हापासून ती त्यांना कढी वाढत नाही. माझं यंत्रज्ञान स्कूटरला किक मारून ती सुरू न होण्यापर्यंतचं. सूक्ष्मदर्शकाच्या त्या नळीत मी कधी डोकावलोच नाही. दर वेळी म्हणायचो, "जेवण झाल्यावर बघतो," आणि जेवण झाल्यावर झोपायचो.

साडूंना पुरस्कार वगैरे नको होता. सासऱ्यांनी एकदा तिला मोटार म्हणावं, एवढंच हवं होतं. सासरे म्हणजे आमचे नाना; त्यांनी जन्मभर विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी नव्या तारा गुंडाळून भरून दिल्या. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला, मूठ कानाला, की आवाजावरून निकाल. तो निकाल साडूंच्या वाट्याला वीस वर्षांत आला नव्हता.

गेल्या हिवाळ्यात भरिताला सगळे जमलो. साडूंनी पानातलंच लिंबू काचपट्टीवर पिळलं, कण सोडले. नाना वाकले. त्यांना आता दिसतही नाही धड, ऐकूही येत नाही.

"हाई मोटार शे? मंग आवाज कोठे शे?" त्यांनी अहिराणीत विचारलं.

साडूंचा चेहरा उतरला. नानांनी हात पुढे केला. "स्क्रूड्रायव्हर आन."

तो सापडेपर्यंत दहा मिनिटं गेली. आमच्याकडे तो डब्यांची झाकणं उघडायला असतो. नानांनी टोक काचपट्टीच्या कडेला टेकवलं, मूठ कानाला लावली. पंगतीतले घास थांबले.

"बेअरिंग बराबर शे," नाना म्हणाले, आणि भरिताकडे वळले.

साडूंनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. नळीत मात्र ते स्वतः डोकावले नाहीत. मी डोकावलो, आयुष्यात पहिल्यांदा. बुडबुडा एकही नव्हता. कण तळाशी गाळासारखे निजलेले.

"पळतेय ना, भाऊ?" साडूंनी हळूच विचारलं.

मी डोळा नळीलाच लावून ठेवला. म्हटलं, "जोरात."