ग्रँडमास्टरला मी वाचवलं, त्याची गोष्ट

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. गेल्या मार्चमध्ये मी एका महिला ग्रँडमास्टरला जिंकत आलेल्या डावात बरोबरी घ्यायला लावली. का, तर मला वाटलं त्या हरतायत. मी म्हणजे लंडनच्या हॅरो भागातल्या एका छोट्या बुद्धिबळ क्लबचा कॅप्टन. कॅप्टनपद मला खेळामुळे मिळालेलं नाही. हॉलची किल्ली माझ्याकडे असते आणि चहाचं दूध आणायला मी विसरत नाही, म्हणून मिळालं.

बाई मूळच्या चीनच्या, आता पन्नाशीतल्या. लहानपणीच त्यांची प्रांताच्या क्रीडाशाळेत निवड झाली. राहणं-जेवण तिथेच, पहाटे धावायचं आणि मग दिवसभर पट.

"धावून उंट नीट चालतो का?" मी एकदा विचारलं होतं.

"नाही, कॅप्टन. पण मुलं इतकी दमतात की घरची आठवण काढून रडत नाहीत," त्या हसत म्हणाल्या.

पुढे प्रांताचा संघ, युरोपातल्या स्पर्धा, किताब. मग लग्न, नवऱ्याची स्लाऊमधली नोकरी, मुलं. हाउन्सलोला विमानाने माल पाठवणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात त्यांनी वीस वर्षं काढली आणि पट लॉफ्टवर गेला. मुलं युनिव्हर्सिटीला गेल्यावर त्या आमच्याकडे आल्या, तेव्हा स्पष्ट बोलल्या, "एक सीझन खेळेन. आत काही जिवंत असेल तर पुढे. नाहीतर पट परत लॉफ्टवर, कायमचा."

त्या सीझनभर जिंकत होत्या, पण खूश दिसत नव्हत्या. "हेही ऑफिससारखंच झालं," म्हणायच्या.

शेवटचा सामना आला. बाकीचे डाव संपले होते. बाईंनी बरोबरी करून अर्धा गुण मिळवला तरी आमचा संघ वरच्या गटात टिकणार होता. मी त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि पट बघितला. त्यांचा एक घोडा कमी होता, बदल्यात काहीच नाही. गाल लाल झाले होते, पाय टेबलाखाली हलत होता. मला वाटलं, घाबरल्या.

समोरचे निवृत्त इंग्रज गृहस्थ घाम पुसत म्हणाले, "बरोबरी?"

बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, "कॅप्टन, घेऊ का?"

आमच्या लीगमध्ये अशा वेळी कॅप्टनला तीनच उत्तरं देता येतात: घ्या, घेऊ नका, किंवा तुमचं तुम्ही ठरवा. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी "घ्या" म्हणालो. त्या क्षणभर पटाकडे बघत राहिल्या. मग हात मिळवला, कोट घातला आणि गेल्या. ते गृहस्थ आभार मानायला माझ्याकडे आले. इंग्रजांचे मॅनर्स किती चांगले, असं माझ्या मनात आलं.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर, चहा घेताना मी ही गोष्ट रंगवून सांगितली. "ग्रँडमास्टर झाली तरी माणूसच. मी वेळेवर होतो म्हणून निभावलं." क्लबमध्येही तेच सांगितलं.

बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला घरात रिमोट सापडत नाही, आणि तुम्ही ग्रँडमास्टरला वाचवलंत?"

त्याच आठवड्यात क्लबातल्या एकाने तो डाव कम्प्युटरवर तपासला. घोडा चुकून गेला नव्हता, बाईंनी तो मुद्दाम मारू दिला होता. पुढच्या चारपाच चालींत समोरचा राजा संपत होता. हे कळल्यावर मी विषय बदलला आणि बिस्किटं वाटली.

बाई क्लबात यायच्या थांबल्या. मेसेज केला की उत्तर यायचं, "कामात आहे." पट लॉफ्टवर गेला असणार, आणि तो मी चढवला, हे मला कळत होतं. तरी 'सॉरी' हा शब्द निघेना. आपल्याकडे करतात तेच मी केलं, डबा पाठवला. बायकोने केलेल्या चकल्या त्यांच्या दारात ठेवून आलो. चार दिवसांनी डबा आमच्या दारात, आत डम्पलिंग. मग आमच्या करंज्या गेल्या, त्यांच्याकडून तिळाचे गोळे आले. बहुतेक त्यांच्याकडेही रिकामा डबा परत करत नसावेत. आम्हा नवराबायकोचे कपडे घट्ट व्हायला लागले.

"माफी मागताय की रुखवत मांडताय?" बायको म्हणाली. "आता मी काही तळणार नाही. तोंडाने बोला."

मी बाईंना मेसेज केला, "मंगळवारी या. मला सगळ्यांसमोर काही सांगायचंय."

त्या आल्या. कोट काढला नाही, दाराजवळच्या खुर्चीत बसल्या. मी मधल्या टेबलावर तोच डाव मांडला आणि विचारलं, "तुम्ही मला विचारलंत तरी का? तुम्हाला तर सगळं दिसत होतं."

"सवय," त्या म्हणाल्या. "एकोणीस वर्षांची असताना मी जिंकत होते. संघाचे मॅनेजर म्हणाले, बरोबरी घे, आपल्या संघातल्या दुसऱ्या मुलीला पहिलं यायचंय. मी घेतली. तेव्हापासून कोणी सांगायच्या आधी मीच विचारते. दर वेळी वाटतं, कोणीतरी म्हणेल, तुमचं तुम्ही ठरवा." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "आणि त्या दिवशी, कॅप्टन, कितीतरी वर्षांनी टेबलाखाली माझा पाय थांबत नव्हता. आनंदाने."

तेवढ्यात किटली बंद झाली.

मी भाषण लिहून आणलं होतं. ते खिशातच राहिलं. उभा राहून म्हणालो, "मी यांना वाचवलं असं तुम्हा सगळ्यांना सांगितलं, ते खोटं आहे. मला डाव कळला नव्हता. न कळणाऱ्याने गप्प बसायचं असतं, मी हुकूम दिला. खरं कळल्यावरही लपवलं आणि चकल्या पाठवत बसलो. विहारातही सांगून येईन." मग त्यांच्याकडे वळलो. "तो डाव तुमचा होता, ठरवणंही तुमचंच होतं. माझं चुकलं. मला माफ करा. आणि पुढच्या सीझनचंही, मॅडम, तुमचं तुम्हीच ठरवा."