दादाच्या तुळईला माझा टेकू

चांगली केलेली वस्तू मोडेपर्यंत वजन टाकल्याशिवाय ती चांगली होती हे कळत नाही का? हे मी वॉचमनला विचारलं, चहावाल्याला विचारलं, साइटवरच्या इंजिनियर मॅडमना विचारलं. सगळे हसले. उत्तर कुणीच दिलं नाही. आता उत्तर न देता मला एकट्याला मोकळं सोडलं, की मी काय माती खाणार ते ऐका!

माझा दादा हरसूलचा सुतार. लाकडी बांधकामाचं ट्रेनिंग घ्यायला गंगापूर रोडला जायचा. तिथं त्याने निलगिरीच्या पट्ट्या एकीवर एक चिकटवून लांबलचक तुळई केली. आणि गेल्या महिन्यात, मोटारसायकलवरून घरी येताना अपघातात गेला. तुळई राहिली.

त्याच्या सरांचा फोन आला. "उद्या साइटवर तिची चाचणी आहे. घरचं कोणी आलं तर बरं वाटेल."

मी दादाचं हेल्मेट घालून हजर! ते मला एवढं मोठं, की मान हलवली की नाकावर.

धरणाच्या बाजूला लाकडी छपराचा हॉल उभा राहत होता. शेजारी दादाची तुळई दोन ठोकळ्यांवर आडवी. वर वाळूची पोती. लाकूड फुटून उडू नये म्हणून तुळईखाली चारी बाजूंनी दाट हिरवी जाळी, आतलं काही दिसत नव्हतं.

"मोडेपर्यंत पोती वाढवायची," मॅडम म्हणाल्या. जसे काही पापडच मोडायचेत!

थोडी पोती रचून सगळे चहाला गेले. मी बघतो तर तुळई वाकलेली. आमच्याकडे घराचं लाकूड वाकलं, की कुणी कुणाला विचारत बसत नाही, टेकू देतात. मी जाळीत शिरलो, जाडजूड वासा उभा केला, खाली पाचर ठोकली आणि बाहेर येऊन गरीब चेहऱ्याने बिस्किट खाऊ लागलो.

झालं! सर पोती वाढवतायत, आणि वाक मोजायचा काटा जागचा हलेना.

"मॅडम, काटा बिघडला का?"

"नाही सर, नवा आहे."

"मग हे लाकूड आहे की लोखंड?"

पोती संपली. गवंड्यांच्या विटा आणल्या. कुणी व्हिडिओ काढू लागलं. सरांनी मला पुढे ओढलं. "तुझा भाऊ काय करायचा रे लाकडाला?"

मीही फुगलो! "लय काय नाय सर. आधी दोन शिव्या द्यायचा, मग प्रेमानं रंधा मारायचा."

मॅडम चक्क मान डोलावत होत्या हो!

आणि सर म्हणाले, "ठरलं! हिला मोडायची नाही. हॉलच्या छपराला मधोमध हीच बसवू. खाली त्याचं नाव लावू."

मी उरलेलं बिस्किट खिशात कोंबलं. हॉलमध्ये माणसं बसणार. वर दादाची तुळई, आणि तिथं टेकू कोण देणार?

"नका सर!" मी ओरडलो. "खाली माझा टेकू हाय!"

सरांनी जाळी उचलली. आत वासा, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा ताठ!

मला वाटलं, आता कानाखाली बसणार. पण सर एवढे हसले, की चष्मा काढून डोळे पुसू लागले. मग वाशाला दोर बांधला आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं. "तूच काढ. लांबून ओढ."

ओढला. हेल्मेट आलं नाकावर! दिसलं काहीच नाही, नुसतं ऐकलं. आधी कुरकुर. मग मोठी कुरकुर. मग बराच वेळ बोंब मारून, धाडकन!

"बघ," सर म्हणाले, "आधी ओरडली, मग मोडली. खालची माणसं पळून वाचली असती. आणि चिकटवलेला एकही जोड सुटला नाही. काम पक्कं होतं त्याचं."

दादाही तसाच. आधी ओरडायचा, मग हाणायचा. मला पळायला वेळ मिळायचा.

सगळे टाळ्या वाजवत होते. आणि हा शहाणा, म्हणजे मी? हेल्मेट मागे सारून तोच वासा उचलला, आणि मोडक्या तुळईला परत टेकू दिला.

"अरे, आता कशाला?" मॅडम ओरडल्या.

मी पाचर नीट बसेपर्यंत ठोकत राहिलो.