पियानोच्या पानांना हिरवा टॅग

तीस वर्षं सरकारी कचेरीत काढली की माणसाला एक खोड लागते. सुटा कागद दिसला की हात शिवशिवतात. तो पंच करायचा, वरच्या डाव्या कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याचा टॅग ओवायचा, नंबर टाकून फाइलीत लावायचा, तेव्हा कुठे जिवाला बरं वाटतं. घरातली विजेची बिलंसुद्धा मी अशीच बांधते. नवरा म्हणतो, "अगं, एक दिवस मलाही पंच करून लावशील." ही खोड मला भर मंचावर घाम फोडणार आहे असं कोणी म्हणालं असतं, तर मी त्यालाच झापलं असतं.

बावन्नाव्या वर्षी मी पियानो शिकायला लागले. नोएडात आमच्या सेक्टरच्या मार्केटमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक संगीतशाळा आहे, खाली चष्म्याचं दुकान आणि वर पियानो. दर शनिवारी माझ्या आधी सात वर्षांची एक चिमुरडी वाजवते आणि जाताना माझ्याकडे दयेने बघून जाते. माझ्या बाई साठीच्या, शिलाँगच्या. आमचं बोलणं हिंदीत. मी त्यांना मॅडम म्हणते, त्याही मला मॅडमच म्हणतात. एकच ओळ मी चाळीस वेळा चुकवली, तरी एक्केचाळिसाव्या वेळी त्या तितक्याच शांतपणे म्हणतात, "अच्छा, फिर से." एवढा धीर मी माझ्या पोटच्या पोरांना शिकवतानाही धरला नाही, खोटं कशाला बोलू.

पण त्या स्वतः मंचावर वाजवत नसत. का, ते त्यांनीच एकदा चहा पिता पिता सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात त्या पाठ केलेलं वाजवत होत्या, आणि संथ भागाच्या मध्यावर डोकं एकदम कोरं झालं. पुढचं काही म्हणजे काही आठवेना. थोडा वेळ तशाच बसून राहिल्या, मग उठून आत निघून गेल्या. तेव्हापासून फक्त शिकवणं. या डिसेंबरात शाळेतल्या शिक्षकांनीच मिळून मैफल करायची ठरवली. पियानो, व्हायोलिन आणि चेलो, म्हणजे व्हायोलिनचा खर्जातला थोरला भाऊ, असं तिघांनी एकत्र वाजवायचं. बाकीच्या दोघांनी मॅडमच्या अक्षरशः हातापाया पडून त्यांना तयार केलं. त्यांनी रचना निवडली ती तीच, अकरा वर्षांपूर्वीची. मात्र या वेळी पानं समोर ठेवून वाजवणार होत्या. मला म्हणाल्या, "इस बार भी रुक गई, तो बस. फिर कभी नहीं."

दोन्ही हात पियानोवर, म्हणजे पानं उलटायला दुसरं माणूस लागतं. ते काम माझ्याकडे आलं. मॅडमच्या डाव्या बाजूला जरा मागे बसायचं. त्यांनी मान हलवली की उठायचं, डाव्या हाताने वरचा कोपरा धरून पान उलटायचं आणि परत गुपचूप बसायचं. बांगड्या नकोत, सेंट नको, आणि डुलायचं तर मुळीच नाही. आठवडाभर मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र उभं करून पानं उलटायचा सराव केला. नवऱ्याला त्या आठवड्यात एकही बातमी धड वाचता आली नाही.

मॅडमचं पुस्तक फार जुनं. शिवण उसवलेली, पान न् पान सुटं. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी त्या म्हणाल्या, "आप ऑफिसवाली हैं, ज़रा ठीक से लगा दीजिए." मला काय, तेवढंच हवं होतं! घरी नेलं, पंचिंग मशीन काढलं आणि कोपऱ्यात भोकं पाडून झक्कास हिरवा टॅग बांधला. संथ भागाचं एक पान सराव करून करून धुतलेल्या रुमालासारखं मऊ पडलं होतं. मॅडमचं गाडं तेव्हा अडलं होतं ते तिथेच. सुटू नये म्हणून त्या पानाला मी मुद्दाम दोनदा पंच केलं.

रविवारी पाचला शाळेच्याच हॉलमध्ये कार्यक्रम. चारला मी मोठ्या ऐटीत पुस्तक पियानोवर उभं केलं आणि पहिलं पान उलटलं. एका कोपऱ्यात बांधलेलं ते बाड तिरकं झालं, घसरलं आणि मागच्या बाजूला लोंबायला लागलं. फाइल मांडीवर घेऊन वाचायची असते, उभी करून नाही, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. व्हायोलिन शिकवणारे सर आठवडाभर मानेसरला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर असतात, त्यांची नजर बारीक. त्यांनी ते मऊ पान उजेडात धरलं आणि भोकातून माझ्याकडे बघत म्हणाले, "मॅडम, यहाँ एक नोट था."

अरे देवा! लाजेने मला कुठे तोंड लपवू असं झालं. मॅडम मात्र खो खो हसत सुटल्या. "यह तो सरकारी पियानो हो गया!" पण हसता हसता त्या ते मऊ पान पुन्हा पुन्हा तळव्याने सपाट करत होत्या, ते मी पाहिलं. चेलो शिकवणारी मुलगी नुकतीच करोल बागेहून आली होती. मेट्रोच्या तपासणीच्या मशीनमध्ये तिच्या चेलोची भलीमोठी केस मावत नाही, दर वेळी उघडून दाखवावी लागते, म्हणून ती कायम तासभर आधी निघते. तिने कात्रीने टॅग कापला. मी धावत खाली चष्म्याच्या दुकानातून टेप आणली आणि आम्ही चौघांनी मिळून पानं चिकटवली. फक्त त्या मऊ पानावर टेप धरेना. ओढली की कागदाचा पापुद्राच निघायचा. ते तसंच सुटं ठेवलं.

वाजवायला सुरुवात झाली आणि मी थक्क झाले. एरवी हीच माणसं पोरांना "बोट वर, पाठ सरळ" करत बसतात. त्यांच्या आत एवढं भरलेलं आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. कोणी ताल देत नव्हतं, कोणी खूण करत नव्हतं. तिघं एकदम श्वास घेत होते, एवढंच. व्हायोलिन एक ओळ म्हणायचं, चेलो ती खालून उचलायचा, आणि मॅडम दोघांना सांभाळून घ्यायच्या. वा! मी इतकी रंगले की पहिल्या भागात एकदा मान हलली तरी उठायला अर्धा क्षण उशीर झाला.

मग संथ भाग आला. मॅडमची मान हलली. मी उठले, मऊ पानाचा कोपरा धरला, उलटलं आणि हात काढला. पान मधेच दुमडलं, घसरलं आणि खाली मॅडमच्या पायाशी पडलं. समोर आता डावीकडे वाजवून झालेलं पान, उजवीकडे एक सोडून पुढचं, आणि मधलं जमिनीवर! मी वाकणार तेवढ्यात मॅडमनी बारीकशी मान हलवली. नको.

त्यांचा उजवा हात हवेत थांबला होता. अकरा वर्षांनी ही बाई पुन्हा इथवर आली, आणि माझ्या त्या मेल्या पंचिंग मशीनने तिला पुन्हा इथेच आणून अडवलं! तेवढ्यात चेलोवाल्या मुलीने आपला सूर जरासा लांबवला. घाई न करता, वडीलधाऱ्या माणसासाठी दार धरून ठेवावं तसा. व्हायोलिनवाले सर पूर्णपणे मॅडमकडे वळले. आणि मॅडमचा हात खाली आला.

त्यांनी ते अख्खं पान कागदाकडे न बघता वाजवलं. नजर चेलोच्या फिरत्या गजावर होती. एकही सूर डगमगला नाही. पहिली ओळ संपताना, पानाच्या पाठीवर जिथे माझं भोक उमटलं होतं तिथे, त्या किंचित हसल्या, तेव्हा मला कळलं की तो सूरही आला. मी तिथेच उभी राहून रडत होते. पानं उलटणाऱ्या बाईने रडायचं नाही, असं कोणी सांगितलं नव्हतं.

टाळ्या थांबल्यावर लोक मॅडमभोवती जमले. मी पियानोखालून पान उचललं आणि तोंड पाडून त्यांच्यासमोर गेले. म्हटलं, "मॅडम, माफ कर दीजिए." त्यांनी पान हातात घेतलं, दोन्ही भोकांकडे नीट पाहिलं, आणि घडी घालून माझ्या पर्समध्ये ठेवलं. "इसे अपनी फाइल में लगा लीजिए. मुझे अब इसकी ज़रूरत नहीं. और अगली बार वह मशीन घर पर रखकर आइए."

सगळे हसले. मशीनवरून त्या काय म्हणाल्या ते मला नंतर कोणीतरी सांगितलं, तेव्हा मीही हसले. त्या घटकेला मला ऐकू आलं होतं ते फक्त 'अगली बार'.