वाचनालयाचं गेट वाजलं तेव्हा

आमच्या वाचनालयातल्या पुस्तकांना चिप लावल्या तेव्हा गावात आवई उठली, की कोण घरी बसून काय वाचतंय ते आता ग्रंथपाल बाईंना टीव्हीवर दिसतं. त्या बाई म्हणजे मी. गावात कोणाच्या भाजीत मीठ किती ते मला तसंही कळतं, त्याला चिप कशाला हवी? खरं तर त्या चिपमध्ये नुसता एक आकडा असतो. पुस्तक कोणाच्या नावावर आहे ते फक्त माझ्या कॉम्प्युटरवर दिसतं. त्याचा पडदा मी पहिल्याच दिवशी लोकांकडे पाठ करून ठेवला. पुस्तक परत आलं की वाचकाचं नाव पुसायचं, हेही वाचनालयाच्या समितीशी भांडून ठरवून घेतलं. भांडायला मला आवडतं.

शेजारच्या माकणी गावाहून एका घरची सून यायची. बाजाराच्या पिशवीत, मेथीच्या जुडीखाली पुस्तकं न्यायची. आपण काय वाचतो ते घरी कळलं तर इथं येणं कायमचं बंद होईल, असं तिनं मला सांगून ठेवलं होतं. काय वाचायची ते मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही, इथंही सांगणार नाही.

एकदा तिची दोन पुस्तकं चिप वाचणाऱ्या मशीनवर ठेवली आणि मशीननं एकाचीच नोंद घेतली. ती निघाली तसं दारातलं, नोंद न झालेलं पुस्तक ओळखणारं गेट कोकलायला लागलं. पेपर वाचत बसलेले सगळे पुरुष वळून बघायला लागले. त्यात तिचा दीरही होता, आणि तिला पत्ताच नव्हता.

"वयनी, काय हाय पिशवीत? काढा की भायेर," म्हणत तो उठून आला. तिनं पिशवी घट्ट धरली.

मला असा राग आला! मी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि मेथीसकट तशीच मशीनवर ठेवली. चिप वाचायला पुस्तक बाहेर काढावं लागत नाही, हे त्या दिवशी मला फार आवडलं. राहिलेली नोंद झाली, मी पिशवी तिला परत दिली. ती गेली तेव्हा गेट गप्प होतं.

दीर काउंटरला टेकला. "म्याडम, वयनीनं काय न्हेलं तेवढं बघून सांगा. म्या घरचाच हाय."

"घरचे असाल तर घरी विचारा. इथं मिळणार न्हाय."

"मामा समितीत हायत माजे."

"मामांनाबी न्हाय."

तो पाय आपटत गेला. मामांचा फोनही आला, त्यांनाही तेच उत्तर मिळालं. सून मात्र पुढच्या बाजारी पुन्हा आली, मेथीऐवजी पालक घेऊन.

काही महिन्यांनी दीर एकटाच आला. बराच वेळ कपाटाशी घुटमळला, मग एक पुस्तक आणून काउंटरवर पालथं ठेवलं.

"हे कुणाला कळंल का, म्याडम?"

"न्हाय."

"दादाला? मामाला?"

"कुणालाच न्हाय. तुम्हाला तर ठाऊक हाय."

"व्हय," तो खाली बघत म्हणाला. "वयनीचं तुमी मला सांगितलं न्हाय, म्हनून तर आलो."

इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता. मी ते पुस्तक पालथंच उचललं आणि मशीनवर ठेवलं.