सापेक्षतेचं श्रेय आणि आमचे सर

तामलवाडीच्या शाळेत मला विज्ञान शिकवणारे सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तेव्हा त्यांचे फोन सुरू झाले. मी परंड्याच्या कॉलेजात बारावीच्या पोरींना भौतिकशास्त्र शिकवते, आणि या विषयाकडं वळले ती सरांमुळंच. त्यामुळं सुरुवातीला त्यांचा फोन आला की बरं वाटायचं.

त्यांचा विषय एकच असायचा, सापेक्षतावाद. ज्या शास्त्रज्ञाच्या नावानं तो जगभर शिकवला जातो, त्याच्याआधी एका फ्रेंच गणितज्ञानं त्यातलं बरंच मांडून ठेवलं होतं. समीकरणं एका डच शास्त्रज्ञाकडं जवळजवळ तयार होती. मग श्रेय एकट्यालाच का, असं सरांचं म्हणणं. वाद खोटा नाही, जाणकारही त्यावर भांडतात. मी म्हणायचे, "सर, आधीच्यांनी पुष्कळ केलं. पण प्रकाश ज्यातून वाहतो असं सगळे मानायचे, ती ईथर नावाची गोष्ट सरळ सोडून द्यायची हिंमत पेटंट कचेरीतल्या त्या पोरानं केली." सर हसायचे. "वकील हाईस तू त्याची!"

सरांच्या पत्नी, आमच्या बाई, वारल्या आणि सरांचं हसणं थांबलं. घरात एकटे बसून ते मोबाईलवर अनोळखी लोकांशी याच विषयावर वाद घालायला लागले. कुणी त्यांना खेडवळ म्हणालं, कुणी शिव्या दिल्या. एका दुपारी त्यांचा फोन आला तो कुजबुजत. "पोरी, दोघं जण माझ्या मागावर हायेत. मला खरं ठाऊक झालंय म्हणून."

"कोण दोघं, सर?"

"फोनवर नको."

मी लगेच त्यांच्या मुलाला फोन लावला. तो सोलापुरात नोकरी करतो. तो म्हणाला, "ताई, म्हातारपणी वेळ घालवत्यात हो. काय न्हाय तसलं." मी पुन्हा दोनदा सांगून पाहिलं. मग त्याचं उत्तर तुटक यायला लागलं. सरांचे फोन मात्र वाढत गेले. आणि वाईट म्हणजे, रस्त्यानं जाताना मीसुद्धा मागं वळून बघायला लागले.

त्यानंतर एकदा सकाळच्या प्रॅक्टिकलला सर थेट प्रयोगशाळेत आले. तामलवाडीहून परंडा म्हणजे एसटी बदलत यावं लागतं, कधी निघाले असतील कोण जाणे. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, दाढी वाढलेली. मी "सर, तुम्ही?" म्हणेपर्यंत त्यांनी दाराला आतून कडी घातली आणि जवळचं लाकडी बाकडं ओढून दाराला लावलं.

"खिडकीपासनं लांब व्हा गं पोरींनो. समोर चहाच्या टपरीवर दोघं बसल्यात."

टपरीवर दोघं होते खरे. रोजच असायचे. पण त्या क्षणी मलाही ते इकडंच बघतायत असं वाटलं. खिडक्यांना लोखंडी गज, दार एकच. पोरी भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. एक रडायला लागली तसे सर तिच्याकडं गेले आणि अगदी मायेनं म्हणाले, "रडू नगं बाळ. मी हाय ना." त्या मायेचीच मला जास्त भीती वाटली. पोरींना ते वाचवत होते. सरांपासूनच त्यांना वाचवायचं कसं, ते मला कळेना.

बाहेरून शिपायानं दार ठोठावलं. सर दचकले आणि टेबलावरचं लोखंडी स्टँड त्यांनी हातात घेतलं. मी दाराकडं बघून ओरडले, "काही नाही, प्रॅक्टिकल चाललंय!" आवाज माझा वाटला नाही. पण शिपायाला तो बरोबर कळला असावा, कारण ठोठावणं थांबलं आणि पावलं धावत गेली.

"मला काय करायला सांगताय, सर?"

"फळ्यावर लिही. मोठ्या अक्षरात. सापेक्षतावाद चोरलेला हाय. माझ्यामागं कुणीतरी सांगायला पायजे ना? तू सांग."

मी खडू उचलला. लिहून टाकावं आणि मोकळं व्हावं, असं मनात आलं. पण हे लिहिल्यावर पुढं काय मागतील, याचीही भीती होती. मी खडू त्यांच्यापुढं धरला. "सर, पोरींना यातलं काही ठाऊक नाही. चोरीला गेलं काय, ते आधी त्यांना कळायला नको? तुम्हीच शिकवा."

सर खडूकडं बघत राहिले. मग त्यांनी स्टँड खाली ठेवलं.

ते शिकवायला लागले. दोन घड्याळं काढली, मधून प्रकाशाची रेघ मारली. लांबच्या दोन घड्याळांत एकच वेळ झालीय, हे ठरवायचं कसं? तो प्रश्न फ्रेंच गणितज्ञाचा. मग डच शास्त्रज्ञाची समीकरणं. रेघ सरळ येत होती. आवाज हळूहळू माझ्या लहानपणच्या सरांचा झाला. तेवढ्यात मी स्टँड उचलून कपाटात ठेवलं.

समीकरण पुरं झालं तसे ते वळले. "आता सांग यांना. चोरी का न्हाय?"

सगळ्या पोरी माझ्याकडं बघत होत्या. का कुणास ठाऊक, खोटं बोलता आलं नाही. "चोरी नाही, सर. फळ्यावरच्या या दोघांना मिळायला पाहिजे होता तेवढा मान मिळाला नाही. पण यांच्या हातून ईथर सुटला नव्हता. पेटंट कचेरीतल्या पोरानं तो सोडला. तेवढं त्याचं आहे."

सरांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. "तू बी त्यांच्यातलीच व्हय?"

त्यांचे डोळे मला ओळखत नव्हते. ते अंगावर येणार, असं वाटून मी डोळे मिटून घेतले. काही झालं नाही. डोळे उघडले तर सर स्टुलावर बसले होते, दोन्ही हात मांड्यांमध्ये दाबून. "मला लई भ्या वाटतंय गं," ते म्हणाले. "झोपच न्हाय. डोळा लागला की ते येत्यात."

मी त्यांच्याजवळ बसले, तेव्हा मलाही रडू आलं. पोरींनी बाकडं सरकवलं आणि कडी काढली. बाहेर प्राचार्य, शिपाई आणि निम्मं कॉलेज उभं होतं. प्राचार्य पोलिसांना फोन लावत होते. मी हात जोडून म्हणाले, "आजारी आहेत ते. आधी मुलाला बोलवा." शिपायानं सरांना पाणी दिलं. ते त्यांनी मी आधी पिऊन दाखवल्यावर घेतलं.

मुलगा दुपारी गाडी घेऊन आला. वडिलांचा अवतार बघून तो दारातच थांबला. मग मान खाली घालून त्यांची बटणं नीट लावत राहिला.

सोलापूरच्या डॉक्टरांनी औषधं सुरू केली. हा आजार असतो, झोप गेली आणि एकटेपण आलं की तो वाढतो, असं त्यांनी मुलाला समजावलं. मुलानं सरांना आपल्याकडं ठेवून घेतलं. मी मात्र कितीतरी दिवस वर्गात फळ्याकडं तोंड केलं की पाठीत कळ आल्यासारखी दचकायचे.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना भेटायला गेले, तेही भीत भीतच. सर गॅलरीत बसून शेंगा सोलत होते. औषधांनी अंग सुटलं होतं, बोलणं संथ झालं होतं.

"पोरी घाबरल्या असतील," ते म्हणाले.

"हो, सर."

"आणि तू?"

"मीही. खूप."

त्यांनी मान हलवली. दोनचार शेंगा सोलल्या. मग ते एकदम म्हणाले, "त्या फ्रेंच माणसावर अन्याय झाला, असं मला अजून वाटतं."

आत फोनवर बोलणारा मुलगा दारात येऊन उभा राहिला.

सरांनी माझ्याकडं पाहिलं. "वाटतं म्हणतोय. वाटायला तर हरकत न्हाय ना?"

"नाही, सर."

"मग तुझं म्हणणं मांड बघू," म्हणत त्यांनी शेंगांचं सुपडं माझ्याकडं सरकवलं. मी मांडायला लागले, सुरुवातीला अडखळत. सर मधेमधे "न्हाय, न्हाय" म्हणत राहिले.